कावळ्याला दिलेला शब्द

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

कावळा शिवला. पण दीड तासानं.

आमच्यात बायका नदीवर जात नाहीत. मी घरीच होते. साडेदहाला परत यायची माणसं बारा वाजले तरी येईनात. आली ती पाय धुऊन गुपचूप आत. पोपटभावोजी एवढंच म्हणाले — "झालं वैनी. शिवला."

माझा हा दीर एरवी गप्प बसणारा माणूस नाही. गावातली मयतं तो आठवडाभर सांगत असतो. सख्ख्या भावाच्या दहाव्याबद्दल मात्र दोन शब्द.

थोडं सोनुबाईकडून कळलं. ती माझी जाऊ, भावोजींची बायको. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळे समोरच्या आंब्यावर बसलेले, पण खाली येईनात. भावोजींनी हात जोडले. दादा, बोअरचं काम पुरं करतो. नाही. बांधाचं भांडण मिटवतो. नाही. वैनीला काही कमी पडू देणार नाही. तरी नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात मागून तालिब पुढे झाला. पिंडापाशी वाकून हळू काहीतरी बोलला. आणि कावळा आला.

तालिब म्हणजे चौक गावातला गॅरेजवाला. कारखान्यात ह्यांच्याबरोबर फिटर होता, नंतर स्वतःचं गॅरेज टाकलं. मुसलमान माणूस. त्याचं पिंडाशी काय काम? आणि ह्यांचं मागे राहिलेलं मन त्यालाच बरं ठाऊक?

"काय बोलला तो?" मी सोनुबाईला विचारलं.

"मला काय म्हाइत गं. गडीमाणसं सांगत्यात व्हय बायांना?"

तिला माहीत आहे. बोलताना ती पदराची गाठ सोडत होती आणि बांधत होती.

२२ जानेवारी

भावोजींकडे ह्यांचा फोन मागितला.

"दुरुस्तीला टाकलाय वैनी. पडले नं त्या टायमाला, काच फुटली."

कुठल्या दुकानात?

"शिळफाट्याला."

शिळफाट्याला मोबाइलची सहा दुकानं आहेत. कुठलं, ते सांगितलं नाही.

बारा तारखेच्या रविवारी हे शिळफाट्यालाच एसटीची वाट बघताना खाली बसले, ते उठले नाहीत. चौकला निघाले होते. वर्षभर दर रविवारी जात होते — "तालिबकडे बसून येतो." त्या दिवशी नवा शर्ट घातला होता, इस्त्री मी केली होती. सरकारी दवाखान्यातून कपडे परत आले तेव्हा खिशात दोन चॉकलेटं निघाली. ह्यांना मधुमेह होता.

मी कुणाला बोलले नाही. चॉकलेटं डब्यात ठेवली आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

दुपारी तालिबची बायको नूरबानो भेटायला आली. तालिब आला नाही. तिच्याबरोबर चारेक वर्षांची मुलगी, भुऱ्या केसांची. "माझ्या भाचीची हाय, बाहेरगावाहून आलीये," म्हणाली. पोरगी तोंड उघडायला गेली की नूरबानो तिच्या हातात बिस्किट देई. बशीतली संपली तेव्हा मी आणखी चार आणून दिली. एवढं खाऊ घालून गप्प का ठेवायचं पोरीला?

ती ह्यांच्या फोटोपुढे जाऊन मांडी घालून बसली. अर्धं बिस्किट खाल्लं, अर्धं फोटोपुढे ठेवलं. आमच्या घरातलं मूल असतं तर म्हटलं असतं, बघून शिकलं.

मला पोरीशी बोलावंसं वाटलं. पण बोलणं राहून गेलं.

बाहेर वळणावर रिक्षा तासभर उभी. आत बुरख्यातली एक बाई, ती उतरली नाही. कोण म्हणून विचारलं तर नूरबानो म्हणाली, "रिक्षावाल्याची घरवाली." उन्हात बसलीये, पाणी तरी दे म्हटलं. तेराव्याच्या आत मी उंबरठा ओलांडत नाही. नूरबानोनंच तांब्या नेला. रिकामा परत आणला.

रिक्षावाल्याची बायको सुतकातल्या घरी कशाला येईल?

गेल्यावर ते अर्धं बिस्किट मुंग्या लागतील म्हणून मी उचलून टाकलं.

२४ जानेवारी

तेरावं झालं. ऐंशी पानं उठली. सगळे एकच बोलत होते — वारस नोंद केली पाहिजे, फोटो मोठा केला पाहिजे, वैनीकडे कुणीतरी राहिलं पाहिजे. कोण करणार, ते कुणी बोललं नाही.

एका म्हातारीनं विचारलं, "पोरगी नाय आली?" सोनुबाईनं तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं.

इथे लिहायला हरकत नाही. वाचणारं आता कोणी नाही. आम्हाला एकच मुलगी, रिया. सहा वर्षांपूर्वी सोनुबाईच्या भावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरवलं होतं. हळदीच्या चार दिवस आधी ती निघून गेली. चिठ्ठीत एवढंच — मला हे करायचं नव्हतं, तुम्ही विचारलं नाहीत. ह्यांनी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी मुलगी मेली. या घरात तिचं नाव निघालं तर मी जेवणार नाही." महिन्याभरानं वाढताना माझ्या तोंडून नाव गेलं. हे भरल्या ताटावरून उठले. त्यानंतर मी ते नाव उच्चारलं नाही. बेंगळुरूला गेली असं कानावर आलं होतं. पुढचं माहीत नाही.

कावळा अडला तेव्हा सगळ्यांच्या मनात हेच नाव आलं असणार. आणि कुणी घेतलं नसणार.

२७ जानेवारी, सोमवार

वही सापडली. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. शंभर पानी, शाळेची असते तशी.

पहिल्या पानावर ह्यांच्या अक्षरात: स्पॅनिश. धडा पहिला — "करायलाच हवं" हे कसं म्हणायचं.

मी तीनदा वाचलं. ह्यांना धड हिंदी येत नव्हती. बँकेचा फॉर्म मी भरायची.

वाक्य वर इंग्रजी अक्षरात, त्याखाली उच्चार मराठीत, त्याखाली अर्थ. कारखान्यात मशिनचे भाग काढायचे तसं चौकटी आखून, नीट.

तेंगो के — मला करावं लागतं. माझ्या अंगावर आलंय.

देबो — मी करायला हवं. कुणी सांगितलं नाही तरी.

आय के — करायला हवं. कुणी, ते सांगायचं नाही.

आणि पुढे वाक्यंच वाक्यं. मला पाणी प्यायला हवं. मला औषध घेतलं पाहिजे. मला लवकर उठावं लागतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी स्पॅनिश. कुणासाठी?

२८ जानेवारी

सव्वीस वर्षं मी हायस्कूलच्या ऑफिसात होते. दाखल्यावरची खाडाखोड मला लांबून कळते. वहीही तशीच तपासली.

प्रत्येक पानावर तारीख आहे. कॅलेंडर काढून ताडून पाहिलं. शेवटचं पान सोडलं तर सगळे रविवार. म्हणजे ही वही चौकला लिहिली जात होती.

पहिल्या बारा पानांवर अर्थ आहेत. तेराव्या पानापासून अर्थ लिहिणं बंद. का? तोपर्यंत पाठ झालं म्हणून? की वही कुणाच्या हाती लागली तर कळू नये म्हणून? हाती लागलं असतं ते माझ्याच.

३१ जानेवारी

अर्थ नसलेली पानं वाचायची तर आधी अर्थ असलेली शिकावी लागतील. बसले शिकायला. भाकऱ्या करताना म्हणते — तेंगो के, तेंगो के. सोनुबाई दारातून म्हणाली, "कसला जप गं हा?" म्हटलं, नवा आहे.

ते "आय के" मात्र मला लगेच समजलं. आमचं सगळं घर त्याच्यावरच चाललंय. केलं पाहिजे, बघितलं पाहिजे, कुणीतरी गेलं पाहिजे. नाव कुणाचंच नाही. भावोजींनी वारस नोंदीचं आज तिसऱ्यांदा तसंच सांगितलं. उद्या मीच जाते तलाठ्याकडे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तेरावं पान लागलं. नो देबो योरार. माझ्या फोनवर शब्द घालून खात्री केली. मी रडता कामा नये.

हे रडत होते? कुठे, गॅरेजमध्ये? कुणासमोर?

९ फेब्रुवारी, रविवार

सोळावं पान. जिजा तियेने के दोर्मीर. जिजाला झोपायला हवं.

जिजा माझ्या सासूबाईंचं नाव. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. त्याच पानावर जिजाला जेवायला हवं, जिजाला दात घासायला हवेत. मेलेल्या आईचे दात?

भावोजी चहाला आले तेव्हा सहज विचारलं. "भावोजी, जिजा कोण?"

बशीतला चहा लेंग्यावर सांडला. "आमची आई. इसरलात काय वैनी?"

"आणखी कोणी?"

"आणखी कोन असनार?" एवढं बोलून उठले. अर्धा कप तसाच.

कान लाल झाले होते. यांच्या घराण्यात सगळ्यांचेच होतात, खोटं बोलताना. ह्यांचेही व्हायचे. मग वर्षभर रविवारी संध्याकाळी मी ह्यांचे कान का बघितले नाहीत?

१२ फेब्रुवारी

एक महिना झाला.

ललिता नो देबे साबेर्लो.

माझं नाव. स्पॅनिशमध्ये ते तसंच लिहितात. ललिताला हे कळता कामा नये.

आज काही खाल्लं नाही.

१४ फेब्रुवारी

मग त्याच्या खालच्या ओळीत हे उलटंच. तेंगो के देसीर्सेलो आ ललिता. मला ललिताला सांगावं लागेल. त्यापुढचा रविवार, तेच वाक्य. त्यापुढचा, तेच. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मोजले — चौदा रविवार. चौदा वेळा मला सांगायचं होतं आणि चौदा वेळा येऊन म्हणाले, "भूक नाही, तालिबकडे वडापाव खाल्ला."

१६ फेब्रुवारी, रविवार

शेवटचं पान. तारीख १० जानेवारी. शुक्रवार — सगळ्या वहीत हे एकच पान रविवारचं नाही. म्हणजे हे वाक्य ह्यांनी घरी लिहिलं. माझ्या घरात बसून. मी बहुतेक आत वरण फोडणीला घालत होते.

एल दोमिंगो तेंगो के येवार्लास आ कासा.

फोननं अर्थ दिला — रविवारी मला त्यांना घरी न्यावं लागेल. कोण ते फोनला सांगता येईना. पण मागे एका पानावर ह्यांनीच लिहून ठेवलंय, पुरुष असले तर लोस, बायका असल्या तर लास. म्हणजे बायका. एकीहून जास्त.

रविवार म्हणजे बारा तारीख. नवा शर्ट, दोन चॉकलेटं.

कुणाच्या घरी नेणार होते? दुसरं घर होतं? की इथेच आणणार होते, मी असताना?

तालिबला माहीत आहे. पोपटला माहीत आहे. नदीवरच्या सगळ्या पुरुषांना माहीत आहे. एका कावळ्यालासुद्धा माहीत आहे.

१९ फेब्रुवारी

सोनुबाई म्हणते, विधवा बाईनं आधी माहेरी पाऊल ठेवायचं, मग दुसऱ्याकडे. माझ्या माहेरी कुलूप आहे. रविवारी चौकला जाते.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझा मलाच भरवसा वाटायचा नाही.

तालिब एका टेंपोखाली पडला होता. माझ्या चपला बघून सरकत बाहेर आला. हात पुसायला चिंधी घेतली आणि पुसतच राहिला.

"वैनी, तुमी यायच्या आधी मी यायला हवं होतं."

"मग आला का नाहीत?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमची."

गॅरेजच्या मागेच घर आहे. नूरबानोनं खुर्ची पुसून दिली. मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. नूरबानोनं कपाळाला हात लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "सांग आता. चाळीस दिवस झाले, मी रोज सांगतेय."

मी विचारलं, "कावळ्याला काय सांगितलंत?"

"कावळ्याला नाय. कावळ्याशी बोलायचं मला कुणी शिकवलं नाय. मी कमळाकरला सांगितलं." खाली बघत होता. "म्हटलं, जा आता, अडू नको. रियाचं वैनीला मी सांगतो. माझा शब्द."

सहा वर्षांनी ते नाव कुणीतरी माझ्यासमोर घेतलं. नूरबानो पाणी घेऊन उभी होती. मी घेतलं नाही.

मग तालिबनं सांगितलं. रिया स्पेनमध्ये आहे. तिकडच्याच माणसाशी लग्न केलं. गेल्या वर्षी जानेवारीत तिनं तालिबच्या फोनवर फोन केला — बाबा माझा नंबर उचलत नाहीत, तुमचा उचलतील का? पुढच्या रविवारी हे गॅरेजवर आले, त्या फोनवर बोलले, आणि मग दर रविवारी येऊ लागले. तिला मुलगी आहे, चार वर्षांची. नाव जिजा. मराठी थोडं कळतं, बोलत नाही, बापाची भाषा बोलते.

"नातीशी बोलायला शिकला. त्या ऑइलच्या कॅनवर बसून घोकायचा. गिऱ्हाईकं विचारायची, फिटरला काय परदेशी नोकरी लागली काय."

"रिया बोलायची," नूरबानो म्हणाली, "बाबा, आधी रंग शिका, आकडे शिका, पोरीला तेच येतं. तर नाय. बोलले, मला जे करायला हवं ते कसं बोलायचं, ते आधी शिकव."

"मग मला का नाही सांगितलं?"

तालिब चिंधीच्या घड्या घालत होता. "बोलायचा, माझा शब्द मीच मोडला, आता तिला तोंड कसं दाखवू. बोलायचा — ललिता सहा वर्षांत पोरीचं नाव काढत नाय. दगड झालीये. तिनं एकदा ठरवलं की ठरवलं."

"मी ठरवलं?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"मी ठरवलं?" मी पुन्हा विचारलं. "मी नाव काढलं तर ते ताटावरून उठले होते. म्हणून मी काढत नव्हते."

नूरबानो खालीच बसली. तालिब म्हणाला, "अख्खं गाव समजतंय की तुमीच कडक हाय. म्हणून नदीवर कुणी नाव घेईना."

फोनचंही कळलं. फोन फुटलेला नाही. रियाचे फोन येत होते म्हणून पोपटभावोजींनी तो बंद करून कपाटात टाकलाय. आणि तालिबला बजावलंय, वर्षश्राद्ध होईपर्यंत थांब. त्यांच्या बायकोच्या भावाचाच मुलगा मांडवात बसायचा राहिला होता ना.

शेवटी विचारलं, "बारा तारखेला हे कुणाला घरी नेणार होते?"

तालिबनं नूरबानोकडे पाहिलं. नूरबानो म्हणाली, "ते आमच्या तोंडून नको वैनी. पोरीलाच इचारा." कागदावर नंबर लिहून दिला.

निघताना म्हणाली, जेवून जा. मी बसले आणि जेवले. का, ते मला सांगता येणार नाही. आंबोळ्या होत्या.

२४ फेब्रुवारी

राग येतोय. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं. तिचा राग करता आला असता.

शब्द ह्यांचा. पाळला मी. मोडला ह्यांनी, आणि मला मात्र तो पाळू दिला. रियाच्या वाढदिवसाला दरवर्षी मी मोरीत नळ सोडून रडायची, हे बाहेर पेपर वाचत असायचे. आता वाटतं, नळ कशाला सोडला?

आणि ह्यांनीही कुठेतरी तसंच केलं असेल. नो देबो योरार. आम्ही दोघं एकमेकांना घाबरून एका घरात राहिलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भावोजींकडे गेले. म्हटलं, कपाट उघडा.

उघडलं.

"वैनी, मी तुमच्यासाठीच..." म्हणत होते. कान लाल.

२६ फेब्रुवारी

फोन चार्ज केला. कंपनीचे मेसेज आले — रियाचे सत्तेचाळीस फोन येऊन गेलेत. शेवटचा २४ जानेवारीचा.

दोनदा नंबर लावला, दोनदा कापला. बोलायचं काय? तिनं माफी मागायची की मी? कुणीतरी आधी बोललं पाहिजे.

हे मी "कुणीतरी" लिहिलं. खोडत नाही. बघते उद्या.

तेंगो के. मला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दीडला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळचे नऊ. पहिल्याच रिंगला उचलला. रिया "आई" म्हणाली. मी "रिया" म्हटलं.

तेवढ्यात एक भुरं डोकं मधे घुसलं. माझ्याकडे नीट बघितलं, मागे वळून आईला काहीतरी सांगितलं. रिया रडता रडता हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, ही तर बिस्किटवाली आजी."

रिक्षात कोण होतं, ते मी विचारलं नाही. उंबऱ्यापासून वळणापर्यंत आज मोजलं, एकवीस पावलं आहेत. पाणी मी दुसरीच्या हातून पाठवलं होतं.